आवाज तडतडतो तेव्हा: ऑडिओ सॉफ्टवेअरमधला प्रोसेसरचा ताण कसा शोधायचा आणि कसा उतरवायचा

एका अभंगाचं मिक्सिंग चालू होतं. एकूण ३१ ट्रॅक. मुख्य गायकाचा आवाज, मागे धरणाऱ्यांचे आठ आवाज, पखवाजाला दोन माइक, हार्मोनियमला दोन, टाळ, बासरी, सॅम्पलरमधला (रेकॉर्ड करून ठेवलेले सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) तानपुरा, शिवाय किरकोळ बरंच. शेवटचा गजर चढायला लागला की स्पीकरमधून तडतड यायची आणि आवाज तुटायचा. टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर प्रोसेसरचा वापर २८ टक्के. जवळपास तीन-चतुर्थांश प्रोसेसर मोकळा, तरी आवाज तुटतोय. ओळखीच्या दोघांनी नवा लॅपटॉप घ्यायला सांगितलं. मी आधी कारण शोधायचं ठरवलं. तीन संध्याकाळी गेल्या. दोन ठिकाणी चुकीचे बसवलेले प्लगइन (आवाजावर इफेक्ट लावणारे जोड-प्रोग्रॅम) आणि एक वाय-फायचा ड्रायव्हर एवढंच निघालं. लॅपटॉप आजही तोच आहे.

त्या तीन संध्याकाळी तुमच्या वाचाव्यात म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मी रीपर वापरतो, त्यामुळे उदाहरणं त्यातली आहेत. क्यूबेस, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ किंवा लॉजिक वापरत असाल तर बटणांच्या जागा वेगळ्या असतील, पण मूळ गणित सगळीकडे एकच आहे.

कमी पडतो तो वेळ

ऑडिओ सॉफ्टवेअर आवाज अखंड धारेसारखा पाठवत नाही, छोट्या छोट्या गठ्ठ्यांत पाठवतं. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मापं, असतात. बफर २५६ ठेवला तर एक गठ्ठा ५.३ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात ३१ ट्रॅक वाचायचे, त्यांच्यावरचे सगळे प्लगइन चालवायचे, सगळं एकत्र करून साउंड कार्डाच्या हाती द्यायचं. मग लगेच पुढचा गठ्ठा. एक जरी गठ्ठा उशिरा पोचला तरी तिथे पोकळी पडते, आणि आपल्याला ती 'तड्' अशी ऐकू येते.

टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची मिळून सरासरी दाखवतो, तीही साधारण सेकंदभराची. ५ मिलिसेकंदांची मुदत चुकली हे त्याला कळण्याचा संबंधच नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. एकाच ट्रॅकवर एकामागोमाग लावलेले प्लगइन एकमेकांसाठी थांबतात, आणि ट्रॅकमागून बस (काही ट्रॅक एकत्र करणारा मार्ग), बसमागून मास्टर (सगळं एकत्र येतं तो शेवटचा ट्रॅक), अशी साखळी पुढे जाते. पंगतीत वाढायला आठ जण उभे असले तरी भातच शिजला नसेल, तर वरणवाला आणि तूपवाला हातात भांडी घेऊन उभेच राहणार. मास्टरवर चार जड प्लगइन असतील तर ते एका मागोमाग एकच चालतात, आणि तेवढ्या वेळात बाकीचे कोअर रिकामे असू शकतात. माझे ते २८ टक्के असे आले होते.

म्हणून पहिली सवय ही लावा: टास्क मॅनेजर बाजूला ठेवा आणि सॉफ्टवेअरचा स्वतःचा मीटर बघा. रीपरमध्ये व्ह्यू मेनूत परफॉर्मन्स मीटर आहे (कंट्रोल, ऑल्ट आणि पी). त्यात 'आरटी सीपीयू' असा आकडा दिसतो (आरटी म्हणजे रिअल टाइम), आणि त्याहून मोलाची 'आरटी लाँगेस्ट ब्लॉक' नावाची ओळ. सर्वात जास्त वेळ खाल्लेला गठ्ठा किती मिलिसेकंदांत झाला आणि मुदत किती होती, हे तिथे शेजारी शेजारी दिसतं. माझ्याकडे मुदत ५.३ होती आणि गजराच्या वेळी पहिला आकडा ६च्या पुढे जात होता. क्यूबेसमध्ये एफ-१२ दाबलं की असाच मीटर येतो. एबलटन लाइव्हमध्ये ११व्या आवृत्तीपासून मिक्सरमध्ये प्रत्येक ट्रॅकचा ताण वेगळा बघता येतो.

काहीही बदलण्याआधी तीन चाचण्या

इंटरनेटवर 'विंडोजच्या पंचवीस सेटिंग्ज बदला' असे सल्ले भरपूर आहेत. ते सगळे एकदम केले तर नेमकं कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि उद्या पुन्हा बिघडलं की तुम्ही तिथल्या तिथे. आधी दुखणं कोणत्या जातीचं आहे ते ठरवा.

पहिली चाचणी: गाणं रेंडर करून, म्हणजे सगळं मिक्स एका फाइलमध्ये उतरवून बघा. रेंडर करताना मुदत नसते, सॉफ्टवेअर हवा तेवढा वेळ घेतं. त्यामुळे ऐकताना तडतडणारं गाणं रेंडर केलेल्या फाइलमध्ये सहसा स्वच्छ निघतं. पाच मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत रेंडर झालं तर प्रोसेसरची एकूण ताकद पुरेशी आहे, गडबड वाटणीत किंवा व्यत्ययात आहे. तेच सात मिनिटं घेत असेल तर काम खरोखरच जास्त आहे. रेंडरमध्येही त्याच जागी तडतड असेल तर ती प्रोसेसरची नाही. पातळी ओलांडून आवाज फाटला असेल, नाहीतर रेकॉर्डिंगच्या वेळीच तुटला असेल.

दुसरी: बफर १०२४ करा. तडतड पूर्ण थांबली तर बहुधा प्लगइनचा भार आहे. १०२४ वरही मधूनच, ठरावीक जागा नसताना, एखादी 'तड्' येत राहिली तर संशय ड्रायव्हरवर घ्या.

तिसरी: नवा रिकामा प्रोजेक्ट उघडा, एकच ऑडिओ ट्रॅक टाका, एकही प्लगइन नको, आणि दहा मिनिटं वाजू द्या. इथेही आवाज तुटला तर तुमच्या गाण्याला दोष देऊ नका. सरळ खाली विंडोजच्या भागाकडे जा.

ड्रायव्हर आणि बफर

विंडोजवर असाल तर इंटरफेसच्या (बाहेरून जोडायच्या साउंड कार्डाच्या) कंपनीने दिलेला आसिओ ड्रायव्हर वापरा. आसिओ हा स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेला मार्ग आहे. त्यात विंडोजचा स्वतःचा मिक्सर वगळून सॉफ्टवेअर थेट साउंड कार्डाशी बोलतं. आसिओफोरऑल हे विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे. इंटरफेस नसताना, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकवर काम भागवायचं तर ते उपयोगी. पण इंटरफेस विकत घेतलेला असूनही निवडीच्या यादीत आसिओफोरऑल तसंच राहून गेलंय, असं अनेकांच्या घरी दिसतं. एकदा तपासून घ्या.

बफरचा एकच बरोबर आकडा नसतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी एक आणि मिक्सिंगच्या दिवशी दुसरा, हे मनाशी पक्कं करा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३. मिक्स करताना १०२४ ठेवायला काहीच हरकत नाही. प्ले दाबल्यावर आवाज किंचित उशिरा सुरू झाला तर काय बिघडतं?

रेकॉर्डिंगला मात्र आवाज आत जाऊन, प्लगइनमधून फिरून हेडफोनपर्यंत यायला बफरच्या दुपटीहून थोडा जास्त वेळ लागतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. त्यामुळे १२ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे चार मीटरवर बसलेला टाळकरी. भजनी मंडळातल्या माणसाला एवढ्या अंतराची सवय असते, म्हणून वादकाला हा उशीर अनेकदा चालून जातो. गायकाला नाही, कारण त्याचा स्वतःचा आवाज हाडांतून कानात आधीच पोचलेला असतो आणि हेडफोनमधला मागून येऊन त्यात मिसळतो. त्याला आवाज पोकळ वाटतो, आणि सूर लावताना तो चाचपडतो.

यावर बफर ३२ पर्यंत खाली ओढणं हा खरा उपाय नाही. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण किंवा खटका असतो. तो चालू केला की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरता सरळ हेडफोनमध्ये येतो. मग सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, बफर ५१२ वर ठेवा आणि निर्धास्त रेकॉर्ड करा. गायकाला थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लागतोच. तो सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्बच परत येईल असा जोडा. रिव्हर्ब वीस-पंचवीस मिलिसेकंद उशिरा आला तर सहसा कुणाला जाणवत नाही.

सॅम्पल रेटबद्दल थोडक्यात. ९६ किलोहर्ट्झवर त्याच २५६च्या बफरची मुदत ५.३ वरून २.७ मिलिसेकंदांवर येते, काम मात्र गठ्ठ्यामागे तेवढंच राहतं. म्हणजे ताण दुप्पट. व्हिडिओसाठी ४८ आणि फक्त गाण्यासाठी ४४.१ किंवा ४८, एवढं घरच्या कामाला पुरतं. अर्धवट झालेल्या प्रोजेक्टमध्ये मात्र रेट बदलू नका.

नेमका खाणारा ट्रॅक कसा पकडायचा

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो.

प्रोजेक्टची एक प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि प्रयोग त्या प्रतीवर करा. जिथे तडतड होते तो पाच-दहा सेकंदांचा तुकडा लूपवर टाका. परफॉर्मन्स मीटर उघडा ठेवा. रीपर त्याच खिडकीत ट्रॅकवार टक्केवारी दाखवतो, ती उतरत्या क्रमाने लावा. वरचे तीन-चार ट्रॅक कागदावर लिहून घ्या. मग त्या ट्रॅकची इफेक्ट्सची खिडकी उघडा. एखादा प्लगइन निवडला की खालच्या पट्टीत त्याचा एकट्याचा ताण दिसतो, आणि शेजारी तो किती सॅम्पलचा उशीर करतो तेही.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी यादी नसेल तर अर्धे-अर्धे करून शोधा. निम्म्या ट्रॅकवरचे प्लगइन बंद करा. ताण उतरला तर चोर त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. त्या गटाचे पुन्हा दोन भाग करा. ३१ ट्रॅकमधून एक शोधायला पाच फेऱ्या पुरतात. फक्त एक लक्षात ठेवा: ट्रॅक म्यूट केला म्हणजे त्याचे प्लगइन थांबतातच असं नाही. रीपरमध्ये म्यूट केलेले ट्रॅक प्रोसेस करू नयेत असा वेगळा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये आहे. बायपास केल्यावरही काही प्लगइन आतल्या आत चालू राहतात. खात्री हवी असेल तर प्लगइनच्या नावावर राइट-क्लिक करून तो ऑफलाइन करा. तेव्हा तो मेमरीतूनही उतरतो.

माझ्याकडे दोन गोष्टी सापडल्या. मागच्या आठही आवाजांवर मी वेगवेगळा कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खऱ्या जागेच्या घुमाऱ्याची नक्कल करणारा) लावला होता. आठही जण एकाच देवळात उभे आहेत असं वाटायला हवं होतं, आणि त्यासाठी मी आठ देवळं बांधली होती. सगळे काढले, एक रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवला आणि आठांतून तिकडे सेंड दिले, म्हणजे आवाजाची एक प्रत तिकडे पाठवली. ताण तर उतरलाच, शिवाय आवाज एकत्र बसले. दुसरी गोष्ट मास्टरवर: लिनिअर फेज इक्वलायझर, आणि त्यापुढे ८ पट ओव्हरसॅम्पलिंग लावलेला लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर रोखणारा). ओव्हरसॅम्पलिंग ८ पट म्हणजे तो प्लगइन आठपट दराने गणित करतो. आणि तो साखळीच्या अगदी शेवटी होता, जिथे बाकीच्यांचं काम संपेपर्यंत त्याला सुरुवातच करता येत नाही. आता मिक्स चालू असताना लिमिटर बंद असतो. मिक्स पक्कं झालं की गाण्याची स्टिरिओ फाइल काढतो आणि मास्टरिंग वेगळ्या प्रोजेक्टमध्ये करतो. काही प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग फक्त रेंडरच्या वेळी लावायची सोय असते. असेल तर जरूर वापरा.

गिटार अ‍ॅम्पचे सिम्युलेटर, आवाजातला गोंगाट काढणारे प्लगइन आणि सूर सुधारणारे प्लगइन हे नेहमीचे जड गडी. गोंगाट काढणं आणि सूर नीट करणं ही एकदाच करून संपवायची कामं आहेत. ती झाली की तो तुकडा रेंडर करून पुढे जा, रोज प्रत्येक प्लेला पुन्हा करायला लावू नका.

सॅम्पलरमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्ये न वापरलेले सॅम्पल (इथे अर्थ रेकॉर्ड केलेले सूर) 'पर्ज' केले की मेमरी मोकळी होते, प्रोसेसर नाही. प्रोसेसरसाठी एका वेळी वाजणाऱ्या स्वरांची कमाल संख्या कमी करा आणि वाद्याच्या आतला रिव्हर्ब बंद करा. तानपुऱ्याच्या चार तारा एकमेकींत मिसळत राहतात, म्हणून आधीचे सूर विरेपर्यंत नवे चढत जातात आणि ही संख्या पटकन फुगते. तानपुरा गाणंभर तोच राहणार असेल तर तो सरळ ऑडिओ करून टाका.

त्याचंच मोठं रूप म्हणजे फ्रीझ. ट्रॅकवर राइट-क्लिक करून रेंडर-फ्रीझ मेनूतून तो स्टिरिओत फ्रीझ केला की प्लगइनसकट आवाज फाइलमध्ये उतरतो आणि प्लगइन बाजूला होतात. बदल करायचा असेल तर अनफ्रीझ. फ्रीझ करणं म्हणजे तडजोड असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. पखवाजाचा आवाज ठरला असेल तर तो ठरलाच म्हणा.

एफएल स्टुडिओवाल्यांनी टूल्स मेनूतल्या मॅक्रोमधून सगळ्या प्लगइनसाठी 'स्मार्ट डिसेबल' चालू करावं. न वाजणारे प्लगइन मग आपोआप झोपतात.

रेकॉर्डचं लाल बटण दाबल्यावरच ताण वाढतो?

बरीच सॉफ्टवेअर वाजवायचा भाग थोडा आधीच तयार करून ठेवतात. रीपरमध्ये याला अँटिसिपेटिव्ह एफएक्स म्हणतात आणि तो मुळात २०० मिलिसेकंद पुढचं काम करून ठेवतो. क्यूबेसमध्ये हेच काम आसिओ-गार्ड करतो. ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड आणि मॉनिटरिंग दोन्ही चालू असतात त्याला ही सवलत मिळत नाही, कारण गायक पुढे काय गाणार ते आधी कुणाला ठाऊक? तो ट्रॅक आणि तो ज्यातून पुढे जातो त्या बस आणि मास्टर, सगळे तात्काळ रांगेत येतात. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टर रिकामा ठेवा, आणि न लागणारे ट्रॅक रेकॉर्डवर लटकत ठेवू नका. लॉजिकमध्ये नुसता निवडलेला वाद्याचा ट्रॅकही असाच 'थेट' धरला जातो. तिथे एखादा रिकामा ऑडिओ ट्रॅक निवडून ठेवला तरी फरक पडतो.

विंडोज, ड्रायव्हर आणि उकाडा

रिकामा प्रोजेक्टही तुटत असेल तर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम उतरवून घ्या. तो चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं नेहमीसारखं काम करा आणि मग ड्रायव्हर्सचा टॅब उघडा. यादी जास्तीत जास्त वेळ घेणाऱ्यानुसार लावा. ndis असं दिसलं तर नेटवर्क, म्हणजे बहुधा वाय-फाय. nvlddmkm म्हणजे एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड. acpi म्हणजे वीज आणि बॅटरीची देखरेख. असा एखादा ड्रायव्हर दोन-तीन मिलिसेकंद कोअर अडवून बसला, तर २.७ मिलिसेकंदांची मुदत कशी पाळली जाणार? माझ्याकडे ndis सगळ्यात वर होतं. वाय-फाय बंद केल्यावर उरलेली सगळी तडतड गेली. नंतर लॅपटॉप कंपनीच्या पानावरून नवा ड्रायव्हर टाकला. तरीही रेकॉर्डिंगला वाय-फाय आणि ब्लूटूथ मी बंदच ठेवतो.

विजेच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' ठेवा आणि चार्जर लावूनच काम करा. जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के करता येते, यूएसबीची 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करता येते. नव्या लॅपटॉपवर यातले काही पर्याय दिसत नाहीत, त्याची काळजी नको. इंटरफेस हबमध्ये न लावता लॅपटॉपच्या पोर्टमध्येच लावा.

आणि उष्णता. सकाळी व्यवस्थित चालणारा प्रोजेक्ट एप्रिलच्या दुपारी तुटायला लागला, तर प्लगइन शोधण्याआधी पंखा बघा. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) नावाचा मोफत प्रोग्रॅम तापमान आणि प्रत्यक्षातला वेग दोन्ही दाखवतो. तापमान ९५च्या आसपास आणि वेग घसरलेला दिसला तर निदान झालं. रेकॉर्डिंगला आवाज नको म्हणून आपण पंखा आणि एसी दोन्ही बंद करतो, लॅपटॉप गादीवर ठेवतो, आणि खालची जाळी बुजते. तो लाकडी टेबलावर, मागून थोडा उचलून ठेवा. दोन-तीन वर्षं झाली असतील तर आतली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी हे उन्हाळ्याआधीच करावं.

प्रोजेक्ट आणि सॅम्पलची फोल्डरं विंडोज डिफेंडरच्या तपासणीतून वगळा. फक्त तीच, संपूर्ण डिस्क नव्हे. प्रोजेक्टचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल तर तिथून हलवा, नाहीतर रेकॉर्ड होत असतानाच ती फाइल वर चढवायची धडपड सुरू होते.

मॅक

ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा आणि 'काइंड'च्या रकान्यात तुमचं सॉफ्टवेअर ॲपल म्हणून चाललंय की इंटेल म्हणून, ते पाहा. इंटेल दिसलं तर ते रोझेटाच्या भाषांतरातून चालतंय आणि जास्त ताण घेतंय. बऱ्याचदा एखादा जुना प्लगइन लागतो म्हणून कुणीतरी ते तसं लावून ठेवलेलं असतं. त्या प्लगइनची नवी आवृत्ती आली आहे का पाहा.

गाणं थांबल्यावर ताण चढत असेल तर

हे लक्षण विचित्र वाटतं, पण त्याला कारण आहे. रिव्हर्बची शेपटी विरत जाते तसे आकडे शून्याच्या इतके जवळ जातात की ते मोजायला काही प्रोसेसरना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. नवे प्लगइन असे आकडे सरळ शून्य धरतात, जुने काही धरत नाहीत. जो प्लगइन शांततेत ताण वाढवतो तो बदला. बदलायचा नसेल तर त्याच्या आधी ऐकू न येणाऱ्या पातळीचा हलका गोंगाट मिसळला तरी भागतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी

ऐकताना झालेली तडतड फाइलमध्ये राहत नाही. रेकॉर्ड होताना झालेली मात्र कायमची राहते, आणि गायकाने दिलेला तो क्षण पुन्हा मागता येत नाही. म्हणून कलाकार यायच्या तासभर आधी लॅपटॉप रीस्टार्ट करा, वाय-फाय बंद करा, ब्राउझर बंद करा. मिक्सचा प्रोजेक्ट न उघडता आधीच्या ट्रॅकची एक स्टिरिओ फाइल नव्या प्रोजेक्टमध्ये घ्या आणि तिच्यावर रेकॉर्ड करा. जेवढे माइक लागणार तेवढे सगळे ट्रॅक रेकॉर्डवर लावून दहा मिनिटं रिकामंच रेकॉर्डिंग करा. मग 'लाँगेस्ट ब्लॉक'चा आकडा बघा. मुदतीच्या निम्म्याच्या आत असेल तर कलाकारांना चहा द्या आणि पेटीचा सूर लावायला सांगा. वर गेला असेल तर बफर एक पायरी चढवून पुन्हा दहा मिनिटं.